नीलकंठ मास्तरांचं वचन

धारच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत माणसं म्हणाल तर अवघी बेचाळीस, पण रुसवे-फुगवे मोजायला बसलात तर हातापायांची बोटं पुरायची नाहीत. कुणाच्या बायकोने कुणाच्या बायकोला गाताना मध्येच थांबवलं, कुणाला कुणाच्या लग्नात शेवटच्या पंगतीला बसवलं, एवढंसं निमित्त पुरतं. मात्र हे सगळे रुसवे दर तीन महिन्यांनी एका शनिवारी मिटवावेच लागतात. नाही मिटवले तर बिल्ला मिळत नाही.

बिल्ला म्हणजे रुपयाएवढी पितळी चकती. एका बाजूला प्याला कोरलेला, दुसरी बाजू झिजून गुळगुळीत. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मंडळीचा पंच घरोघर जाऊन प्रत्येकाच्या हातावर एकेक बिल्ला ठेवतो. रविवारी तो ताटात टाकायचा आणि मगच भाकर आणि प्याला घ्यायचा. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबांनी लावलेली ही रीत बाकी सगळीकडे कधीच बंद पडली. या चिमूटभर मंडळीने ती हट्टाने धरून ठेवली आहे. नियम एकच. ज्याचं भावाबहिणीशी वाकडं आहे त्याला बिल्ला नाही. आधी जा, मिटवून ये, मग हात पुढे कर.

हे बिल्ले वाटायचं काम गेली बावीस वर्षं नीलकंठ ओहोळ मास्तरांकडे होतं. सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. घरात आता ते आणि त्यांची आई, माई. मंडळीत त्यांचा मान पाळकसाहेबांपेक्षा तसूभर जास्तच होता, कारण मास्तरांना 'वचन मिळतं' अशी ख्याती होती. कुणाचं दुखणंखुपणं असो, कुणाची परीक्षा असो, मास्तर गुडघे टेकून प्रार्थना करत, मग डोळे उघडून शांतपणे सांगत, "मला वचन मिळालंय. होईल." आणि बहुतेक वेळा व्हायचंही. पेपर चांगला गेलेली मुलं पास व्हायची आणि साध्या तापाची माणसं उठून बसायची. जे व्हायचं नाही त्याची कुणी आठवण काढत नसे.

त्या फेब्रुवारीतल्या शनिवारीही मास्तर सकाळी सात वाजताच पिशवी घेऊन निघाले. हंबीररावांची आणि त्यांच्या शेजाऱ्याची नळाच्या पाण्यावरून जुंपली होती, ती त्यांनी चहाच्या एका कपावर मिटवली. साडेनऊला घरी आले तेव्हा पिशवीत दोनच बिल्ले उरले होते, एक माईचा आणि एक स्वतःचा.

माई अंगणात उन्हाला बसली होती. शहाऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. मास्तरांनी बिल्ला पुढे केला. माईने हात पदराखाली घेतला.

"मला नको."

"नको म्हणजे? उद्या प्रभुभोजन आहे, माई."

"ठाऊक आहे मला. आधी अरविंदाकडे जाऊन ये. मग बघू."

मास्तर हसले. शहाण्या माणसाने म्हाताऱ्या आईच्या हट्टाला हसावं तसं. "माझ्या मनात अरविंदाविषयी काही नाही, माई. मी त्याला केव्हाच क्षमा केलीय. नऊ वर्षं झाली."

"तुझं मन कोण विचारतंय?" माई म्हणाली. "तुझ्या मनात काय आहे हे प्रभूने विचारलंच नाहीये. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काय आहे ते बघून ये, असं शास्त्रात आहे ते. बावीस वर्षं लोकांना बिल्ले वाटतोस आणि एवढं कळलं नाही होय रे तुला? दहाची बस आहे. नीघ. आणि एक सांगते, तू जाऊन आला नाहीस तर मी उद्या भाकर घेणार नाही. उद्याही नाही आणि पुढेही नाही."

माईने आजवर एकदाही भाकर चुकवली नव्हती. टायफॉइडमधून उठून ती देवळात गेली होती, नवरा पुरला त्याच्या तिसऱ्या दिवशी गेली होती. ती गंमत करत नव्हती हे मास्तरांना कळलं.

अरविंद हा मास्तरांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी तो याच गल्लीत राहायचा आणि कंपनीच्या बसने पीथमपुरला कामाला जायचा. त्या सप्टेंबरात त्याच्या मुलाला, सतरा वर्षांच्या सार्थकला, ताप आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी अरविंद ड्यूटीवरून घरी आला तर पोराचे डोळे वर गेलेले. तो म्हणाला, "गाडी करतो. आत्ताच्या आत्ता इंदूरला नेतो." मास्तर खाटेपाशी गुडघ्यावर होते. अर्धी मंडळी दारात उभी होती. मास्तर उठले, सार्थकच्या कपाळावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला वचन मिळालंय. सकाळी पोरगा उठून बसेल. पावसापाण्याचं त्याला रस्त्यावर काढू नकोस." अरविंद तीन वेळा गाडी म्हणाला. तीनही वेळा मास्तरांनी त्याला विचारलं, "तुझा विश्वास नाही का?"

सकाळी सहाला शेवटी गाडी आलीच. इंदूरच्या वाटेवर बेटम्याजवळ सार्थक गेला. कब्रस्तानात सगळे रडत असताना मास्तरांना काहीतरी बोलावं लागलं, कारण सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "आपलाच विश्वास कुठेतरी कमी पडला." म्हणताना ते 'आपला' म्हणाले, पण सगळी मंडळी वळून अरविंदाकडे बघू लागली. गाडी गाडी तोच करत होता ना! महिनाभरात अरविंदने देवासच्या एका कारखान्यात नोकरी धरली, बायको आणि मुलीला घेऊन निघून गेला आणि पुन्हा कोणत्याही देवळाची पायरी चढला नाही. भाऊ प्रभूला सोडून गेला म्हणून मास्तरांना फार वाईट वाटलं. आणि मग त्यांनी त्याला क्षमा केली. ज्याचं घर जळलं त्यालाच मोठ्या मनाने क्षमा करून मास्तर नऊ वर्षं निवांत बिल्ले वाटत होते.

निवांत म्हणायचं, पण खाई त्याला खवखवे. एक गोष्ट मास्तरांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती, आणि मास्तर तिच्याजवळ कधी फिरकत नसत. त्या संध्याकाळी त्यांना वचन मिळालं नव्हतं. काहीच मिळालं नव्हतं. गुडघ्यावर बसून त्यांनी खूप वाट पाहिली होती आणि समोर नुसती भिंत होती.

दहाच्या बसमध्ये खिडकीशी बसून मास्तर वाक्यं जुळवत होते. 'जे झालं ते परमेश्वराच्या इच्छेने झालं.' हे बरं होतं. 'माईसाठी तरी मनातून काढून टाक.' हे त्याहून बरं. घाटाबिल्लोद मागे पडलं. बेटमा आलं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. नऊ वर्षं ते या रस्त्याने जात-येत होते आणि नऊ वर्षं बेटम्याला डोळे मिटत होते. इंदूरला उतरून ते रिक्षाने दुसऱ्या स्टँडवर गेले.

"देवास, देवास! भिया, बैठो, जगह है!" कंडक्टर ओरडत होता. मास्तरांना क्षणभर वाटलं, परत फिरावं, माईला सांगावं की दाराला कुलूप होतं. कुणाला कळलं असतं? ते पायरीवर थबकले. मागून कुणीतरी ढकललं आणि ते आत गेले. एवढं धैर्य त्यांचं स्वतःचं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी दुसऱ्या मजल्यावर अरविंदचं घर होतं. दार त्याच्या बायकोने, दुर्गाने उघडलं. हाताला कणीक लागलेली. मास्तरांना बघून तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"सलाम, दुर्गा," मास्तर म्हणाले. मंडळीतले जुने लोक एकमेकांना भेटले की सलामच म्हणतात.

दुर्गा सलाम म्हणाली नाही. "भाऊजी," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

अरविंदच्या धारच्या घरात दिवाणावरच्या भिंतीवर शास्त्रवचनाची पाटी असायची. इथे त्या जागी कारखान्याचं कॅलेंडर होतं आणि शेजारी सार्थकचा फोटो. खाली अर्धी भरलेली बॅग पडली होती. टॉवेल, थर्मास, चादर, आणि इस्पितळाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाइल.

"कुठे निघालात?"

दुर्गाने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "माईंनी सांगितलं नाही? त्यांना तर महिन्यापासून माहीत आहे. वैष्णवी रोज फोन करते त्यांना."

आतल्या खोलीतून वैष्णवी आली. मास्तरांनी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, दोन वेण्या घालणारी. आता बावीस. दारापासून खुर्चीपर्यंत आठ पावलं आली आणि खुर्चीची पाठ धरून थांबली. श्वास गोळा करून मग हसली. हनुवटी थेट सार्थकची.

"मोठे काका! माई बोलली होती, तुम्ही येणार. दिल का वॉल्व खराब आहे माझा. बचपन में वो जोडों वाला बुखार आला होता ना, उसी से. उद्या दुपारी इंदूरला भरती व्हायचं. सोमवारी सकाळी आठला ऑपरेशन."

मास्तर जवळच्या खुर्चीवर बसले. म्हातारीने सगळं ठरवून पाठवलं होतं तर. आणि सांगितलं असतं तर आपण आलो नसतो, हेही तिला ठाऊक होतं.

दुर्गा पाणी ठेवून स्वयंपाकघरात गेली. पोळपाटावर लाटण्याचा आवाज सुरू झाला. वैष्णवी हळूच जवळ सरकली.

"पप्पाला सांगू नका हं. मला बहुत डर लागतो. डॉक्टर म्हणतात शंभरातले नव्वद ठीक होतात. तुम्ही तर मॅथ्सवाले, तुम्हीच सांगा, नव्वद म्हणजे चांगलेच ना? पण रात्री मला बाकीचे दहाच दिसतात. काका, माई सांगायची, तुम्हाला वचन मिळतं. एकदा विचारून सांगा ना. जादा कुछ नहीं. बस इतकंच, की मी उठेन ना?"

मास्तरांकडे शब्द तयारच होते, बावीस वर्षांत घासून घासून गुळगुळीत झालेले. 'उठशील, बाळा. मला वचन मिळालंय.' बोलायला दोन सेकंद लागले असते, आणि पोरगी आज रात्री सुखाने झोपली असती. त्यात वाईट ते काय? शंभरात नव्वद तर डॉक्टरच म्हणत होते. खरं ठरण्याचीच शक्यता जास्त. मास्तरांनी श्वास घेतला. आणि तेव्हा त्यांना दिसलं, की दार उघडंच राहिलं होतं आणि दारात अरविंद उभा होता.

केस पांढरे झाले होते. पहिल्या पाळीवरून आलेला, हातात हेल्मेट, पायात बूट. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.

"सांग की," अरविंद म्हणाला. आवाज अगदी हलका होता. "विचारतेय ना ती? सांग, दादा."

आत लाटण्याचा आवाज थांबला.

मास्तर अरविंदकडे बघू शकत नव्हते आणि वैष्णवीकडेही. बसमध्ये जुळवलेलं एकेक वाक्य डोक्यातून गळून गेलं. भीती वाटत होती, आणि ती अरविंदाची नव्हती. आता तोंड उघडलं तर बावीस वर्षं जो माणूस म्हणून मिरवलो तो संपणार, याची ती भीती होती. मंडळीत आपल्याजवळ दुसरं होतं काय? पाळकसाहेबांचं शिक्षण नाही, हंबीररावांचा गळा नाही. लोक आपल्या दारी यायचे ते एवढ्याचसाठी.

"मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले.

वैष्णवीचा चेहरा उतरला. ते बघवेना, तरी मास्तरांनी बघितलं.

"मला खरंच ठाऊक नाही, बाळा. तू उठावीस असं मला वाटतं. जीव तोडून वाटतं. पण मला काही सांगण्यात आलेलं नाही." मग ते अरविंदकडे वळले. "आणि त्या दिवशीही आलं नव्हतं."

अरविंद उंबरा ओलांडून आत आला.

"काय म्हणालास?"

"सार्थकच्या वेळी. मला वचन मिळालं नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो, वाट पाहिली, काही आलं नाही. मग उठलो आणि मिळालं म्हणून सांगितलं."

हेल्मेट अरविंदच्या हातातून सुटून जमिनीवर आपटलं आणि घरंगळत बॅगेपाशी जाऊन थांबलं. कुणीच ते उचललं नाही. दुर्गा कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"मग का बोललास?" अरविंदने विचारलं.

"सगळे माझ्याकडे बघत होते."

"म्हणून?"

"तू गाडी गाडी म्हणत होतास. मला वाटलं, गाडी आणली तर माझी प्रार्थना खोटी ठरेल. लोक म्हणतील, मास्तर होते तरी गाडी लागलीच. आणि तो उठायला हवा होता मला, अरविंदा. इतका हवा होता, की मला वाटलं देवच बोलतोय…" ते थांबले. मान हलवली. "नाही. तसं वाटलंही नव्हतं. मी नुसतं बोललो."

अरविंद दोन पावलं पुढे आला. तो आता हात उगारणार असं मास्तरांना वाटलं, आणि त्यांनी मनाशी ठरवलं की तोंड फिरवायचं नाही. पण अरविंद खुर्चीत कोसळल्यासारखा बसला. त्याने दोन्ही हात डोक्याला लावले.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी स्वतःला विचारतोय, दादा. मी तीन वेळा गाडी म्हणालो म्हणून देवाने माझं पोरगं नेलं का? तोंड बंद ठेवून बसलो असतो तर वाचला असता का? तुझा राग होता, तो तर होताच. पण रोज सकाळी आरशात दाढी करताना मला वाटायचं, तुझं वचन खरंच होतं आणि ते मी मोडलं. माझ्या गाडीने मोडलं. देवाचं नाव काढलं की मला त्याच्या तोंडून एकच ऐकू यायचं. तूच मारलास."

भाऊ आपल्यावर रुसून बसलाय, एवढंच मास्तर समजून होते. तो स्वतःलाच खुनी समजत जगतोय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. एका न मिळालेल्या वचनाने त्यांनी भावाचा मुलगा घालवला होता, आणि त्याच वचनाने भावाचा देवही. ते खुर्चीवरून उठले आणि अरविंदसमोर जमिनीवर बसले. प्रार्थनेसाठी नव्हे.

"तू बरोबर होतास," मास्तर म्हणाले. "गाडीच आणायला हवी होती. संध्याकाळीच. तू बाप होतास आणि तुला कळलं होतं. विश्वास तुझा कमी नव्हता पडला. मी खोटं बोललो होतो. मला माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते मला."

खालून भाजीवाल्याची हाक आली, गेली.

"जा आता," अरविंद शेवटी म्हणाला. "मला तुझ्याकडे बघवत नाही. जा."

मास्तर भिंतीला धरून उठले. चपला घालायला लागले तेव्हा वैष्णवी म्हणाली, "पप्पा, रुको. काका, प्रार्थना करून जा."

"वैशू," अरविंद म्हणाला.

"ऑपरेशन माझं आहे ना, पप्पा?" ती मास्तरांकडे वळली. "वो वचनवाली नको, काका. सादीवाली करा."

मास्तरांना साधी प्रार्थना येत होती का, हा प्रश्नच होता. त्यांच्या प्रार्थना ऐकायला लोक यायचे; त्यात चढउतार असायचा, ठेका असायचा. आता चपला अर्ध्या पायात, एक हात भिंतीला, अशा अवस्थेत ते कसेबसे बोलले. "प्रभू, पुढे काय होणार ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही घाबरलो आहोत. ही पोरगी आम्हाला हवी आहे. डॉक्टरांचे हात स्थिर ठेव. तिच्याजवळ राहा. अरविंदाजवळ राहा. आमेन."

वैष्णवी आमेन म्हणाली. दुर्गा पुटपुटली. मास्तर जिना उतरेपर्यंत अरविंदने दार लावलं नाही.

मास्तर घरी पोचले तेव्हा माई झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. सकाळी ती नेहमीसारखी पांढरं लुगडं नेसून, केस विंचरून तयार बसली. मास्तरांनी तिच्यासमोर पाट ओढला आणि सगळं सांगितलं. वचन मिळालं नव्हतं, तिथपासून.

"अरविंदा नाही आला," ते शेवटी म्हणाले. "जा म्हणाला मला."

"म्हणणारच की." माईने चष्मा काढून पदराने पुसला. "त्या संध्याकाळी मी तुझ्या शेजारी बसले होते, नीलकंठा. तुझ्या तोंडाकडे बघत होते. काही मिळालेल्या माणसाचं तोंड नव्हतं ते. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कारण मलाही ते खरं हवं होतं. पाप काय तुझं एकट्याचं आहे होय? नऊ वर्षं मीही तोंडात मूग गिळून भाकर खाल्ली. वैशूचा फोन आला तेव्हा वाटलं, आता मेले तरी हे असं ठेवून मरायचं नाही." तिने हात पुढे केला. "परवा रात्री अरविंदाला मी हेच सगळं फोनवर सांगायला घेतलं होतं. त्याने ठेवून दिला फोन. ते तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं त्याला. आता दे माझा बिल्ला."

मास्तरांनी दिला. स्वतःचा मात्र खिडकीत ठेवला.

देवळात सूचनांच्या वेळी ते उभे राहिले. पाळकसाहेबांना वाटलं, नेहमीसारखी वर्गणीची आठवण असेल. मास्तर पाच मिनिटं बोलले. रडले नाहीत, शास्त्रवचन सांगितलं नाही, फक्त काय घडलं ते क्रमाने सांगितलं, फळ्यावर गणित सोडवावं तसं. आणि बिल्ल्यांची पिशवी नेऊन मेजावर ठेवली.

मागच्या बाकावर कुजबुज झाली. मग हंबीरराव उठले. बारा वर्षांपूर्वी त्यांची बायको मोठ्या दुखण्यातून उठली होती, मास्तरांच्या वचनाने. ही साक्ष त्यांनी दर वर्षी याच देवळात दिली होती.

"मास्तर," हंबीररावांचा आवाज चढला होता. "आणि आमच्या हिच्या वेळी?"

"तेव्हाही मला ठाऊक नव्हतं, हंबीरराव. वहिनी बऱ्या झाल्या. देवाने केल्या, डॉक्टरांनी केल्या. माझं त्यात काही नव्हतं."

हंबीररावांनी बायकोकडे पाहिलं, टोपी उचलली आणि बाहेर निघून गेले. बायको क्षणभर थांबली आणि त्यांच्यामागे गेली. आणखी दोघं उठली. मेजाचं ताट आलं तेव्हा माईचा बिल्ला खणकन त्यात पडला. मास्तरांनी ताट पुढच्या माणसाकडे दिलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडात त्या दिवशी पहिल्यांदा भाकर नव्हती. उपासना संपल्यावर दारात कुणीही त्यांना सलाम केला नाही. फक्त पाळकसाहेबांनी हात हातात घेतला आणि सोडून दिला.

दुपारी माईला जेवण वाढून मास्तर ताटाशी नुसते बसले होते तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. त्यांनी तो कानाला लावला. पलीकडे इस्पितळाचा गलबला होता, कुणीतरी नाव पुकारत होतं.

"भरती झाली," अरविंद म्हणाला.

"बरं," मास्तर म्हणाले. माई घास हातात धरून बघत होती.

"उद्या आठला आत नेणार. दुर्गा वॉर्डात आहे तिच्याजवळ. मी बाहेर एकटाच आहे." पलीकडे पुन्हा कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. "येशील तर ये, दादा. प्रार्थना केलीस तरी चालेल, मनातल्या मनात. पण मला काही सांगू नकोस. बरी होईल असंही नको. नुसता शेजारी बस."

मास्तरांनी मान हलवली, आणि मग ध्यानात आलं की फोनवर मान दिसत नाही.

"बसतो," ते म्हणाले.

"पहिली बस किती वाजता आहे तिकडून?" अरविंदने विचारलं. "की गाडी पाठवू?"

माईच्या हातातला घास ताटात पडला. मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"गाडी पाठव," ते म्हणाले.